फ्रीजमधली भिंत

तुम्ही जिथे बसून हे वाचताय, तिथल्या भिंतीचे पाय जमिनीत कुठवर गेलेत, हे कधी विचारलंय का? अण्णा विचारायचे. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे आणि यजमानाला म्हणायचे, "हिचे पाय उबेत आहेत ना?"

बहारीनमध्ये. ऑगस्टात.

तिथल्या माहूज वस्तीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर बसत. ते रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्यांचे इंजिनिअर, मूळचे वेंगुर्ल्याचे. मी नवा ड्राफ्ट्समन. बर्फ त्यांनी पाहिला होता तो फक्त मासळीच्या टोपलीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या ऑफिसला पूर्व तुर्कस्तानच्या डोंगरातल्या एका रस्त्याच्या मोऱ्यांचं काम मिळालं, ते त्यांच्याकडे आलं. त्या दिवसापासून अण्णा लोकरीचे मोजे घालून ऑफिसला येऊ लागले. थंडी आधी समजायला हवी, म्हणाले.

ती त्यांना जरा जास्तच समजली. ओली माती गोठली की फुगते आणि वरची भिंत उचलते. म्हणून मोरीच्या तोंडाशी माती अडवणाऱ्या भिंतीचा पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यायचा. तिथे तो पाच फूट जात होता. आमच्या हैदराबादी मोठ्या साहेबांनी बहारीनचं नेहमीचं दीड फुटाचं ड्रॉइंग पुढे केलं. गुरुवारी पाठवायचंय, सही करा. अण्णांनी पेनाचं टोपणच काढलं नाही. तेव्हा साहेबांनी, आवाज न चढवता, व्हिसा कुणाच्या हातात आहे याची आठवण करून दिली.

माझं बाळकडूच पत्रकांचं. जेवणाच्या सुट्टीत मी 'उथळ पायाचा जाहीर निषेध' असं पत्रक लिहिलं आणि ऑफिसच्याच सायक्लोस्टाइलवर पन्नास प्रती काढल्या. मराठीत. ऑफिसात मराठी वाचणारे आम्ही दोघेच होतो.

अण्णांनी गठ्ठा हातात तोलला. "कागद जाड आहे," म्हणाले. "थंडी अडवेल."

संध्याकाळी वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, फ्रीजरमधली सुरमई आमच्या घरी आली आणि तिच्या जागी एक स्टीलचा डबा गेला. डब्यात चिकण ओली माती. तीत धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या उभ्या, एक दोन बोटं रोवलेली, दुसरी पार तळापर्यंत. थंडी जमिनीत शिरते तशी फक्त वरून शिरावी म्हणून डब्याच्या बाजूंना आणि बुडाला माझी पन्नासच्या पन्नास पत्रकं गुंडाळलेली.

"ह्यांना विचार रे," वहिनी मला म्हणाल्या, "भिंत शिजायला शिट्ट्या किती?"

गुरुवारी सकाळी अण्णांनी डबा पोटाशी धरून ऑफिसला आणला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. केबिनभर सुरमईचा वास.

"मछली लाए क्या?"

"नहीं साहब. ये आपकी दीवार," अण्णांनी कललेल्या उथळ वडीकडे बोट केलं, "और ये मेरी."

अण्णांची वडी ताठ होती. साहेबांनी आपली वडी बोटाने सरळ करून पाहिली. ती हलेना. पुन्हा पाहिली. "गिरेगी?"

"पहले झुकेगी. फिर पानी रुकेगा, फिर सड़क बह जाएगी. ऊपर बस हो, तो बस भी."

साहेबांनी डब्याभोवतीच्या एका पत्रकाची कड उलगडली. "ये क्या लिखा है?"

माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "इन्सुलेशन."

"खलास," साहेब म्हणाले. "पाँच फुट करो."

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

मी आजवर काढलेल्या पत्रकांपैकी कामी आली ती एवढीच पन्नास. जिंकलेली भिंत वहिनींनी धुण्याला लावली.

त्या डोंगरात अण्णा कधी गेले नाहीत. तिकडून काही कळलंही नाही; भिंत उभी राहिली तर आमच्या धंद्यात कुणी पत्र लिहीत नाही. पुढे ते निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला परतले आणि गेल्या वर्षी वारले. वहिनींनी लिहिलं, शेवटी-शेवटी उकाड्यातही मोजे काढू देत नव्हते.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी बर्फाच्या मुलखातून गेलात, पूर्व तुर्कस्तानातून गेलात तर उत्तमच, तर एखाद्या मोरीपाशी गाडी थांबवा. खाली उतरा. दोरीला किल्ली बांधून ओळंब्यासारखी भिंतीलगत धरा. भिंत ताठ असेल तर पेरांनी दोनदा टकटक करा, आणि वेंगुर्ल्याला वहिनींच्या नावे एक पोस्टकार्ड टाका. पत्ता मी देईन. मजकूर एवढाच लिहा, पाय उबेत आहेत.