इंदूबाईंच्या मापाचा उजेड

प्रेमानंदला एका जागी बसलेलं त्याच्या जन्मदात्या आईनेही कधी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरी लावूनच स्वारी जन्माला आली होती. जेवताना गुडघा हलतो, चहा पिताना हा दारात उभा, आणि सक्करदऱ्याहून सीताबर्डीला जायचं तर सिग्नलला थांबायला नको म्हणून दुप्पट लांबच्या गल्ल्यांतून गाडी घालणार. धंदाही त्याने स्वभावाला साजेसाच निवडला होता, लग्नाचे फोटो काढायचा. दिवसभर नवरानवरीच्या मागेपुढे पळायचं, आणि कोणी खुर्ची पुढे केली तर काम आहे म्हणून निसटायची कायमची सोय.

धाकट्या बहिणीचं, दीप्तीचं लग्न ठरलं तशी ती भिंगरी आणखीच जोरात फिरायला लागली. कारण लग्न रविवारी होतं आणि भर दुपारी होतं. बौद्धांच्या घरी मुहूर्त पाहत नाहीत, रविवार पाहतात. नोकरीवाल्यांना सुटी, गावाकडच्यांना सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या एसटीने परतायची सोय. सगळ्या जगाला सोयीचा असा हा बेत, एक फोटोवाला सोडून. मार्चमधलं बाराचं ऊन थेट डोक्यावर, नवरी पांढऱ्या साडीत, वऱ्हाडही पांढऱ्यात. कॅमेऱ्याने पांढरं सांभाळलं की चेहरे काळेठिक्कर पडतात, आणि चेहरे सांभाळले की साड्यांचं नुसतं पीठ होतं. एरवी प्रेमानंद असल्या लग्नांत लोकांना मंडपाच्या सावलीत ओढून, चेहरे कापडाच्या रंगाचे आले तरी, वेळ मारून न्यायचा. पण या वेळी दीप्तीने एक गोष्ट मागितली होती.

"मले अल्बम-बिल्बम काही नको दादा," ती म्हणाली होती. "आईसोबत एक फोटो पाहिजे. चांगला."

आणि आई, म्हणजे इंदूबाई, पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणाली, "मी नाही उभी राहत."

याला तिचं स्वतःचं लग्न कारण होतं. नरखेड तालुक्यातल्या तिच्या माहेरी, संत्र्याच्या बागेला लागून मांडव होता. तिथेही अशीच दुपार, अशीच पांढरी साडी. काटोलहून आणलेल्या फोटोवाल्याने फोटो काढले आणि ते धुऊन आले तेव्हा साडी लख्ख, आणि साडीच्या वर नुसता काळा डाग. शामला, म्हणजे प्रेमानंदच्या वडिलांची, आनंदरावांची धाकटी बहीण, तेव्हा फ्रॉक घालायच्या वयातली. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "बाप्पा, नुसतं लुगडंच आलं! नवरी कुठाय?" घर हसलं. इंदूबाईही हसल्या. पण त्यानंतर त्या कधी मोकळ्या हातांनी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. कुठलाही फोटो काढा, इंदूबाई मागच्या रांगेत आणि कडेवर कोणाचं तरी लेकरू. स्वतःचं नसेल तर शेजारणीचं. लेकराच्या टोपड्याआड अर्धा चेहरा जाईल अशा बेताने धरलेलं. घरातल्या सगळ्या अल्बमांत मिळून आईचा एक आख्खा चेहरा नाही, हे प्रेमानंदला माहीत होतं. फोटोवाल्याच्या घरची ही गत त्याला फार लागायची.

म्हणून त्याने मनाशी ठरवलं की नागपूरच्या दुपारच्या उन्हाला पुरून उरेल असा फ्लॅश आणायचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तो नव्हे. वेगळ्या दांड्यावर, छत्रीतून, बाजूने उजेड टाकणारा, आणि बॅटरीवर चालणारा, कारण मैदानात वायर कुठून आणणार?

इथून त्याचे हाल सुरू झाले. रोज मोबाईलवर कोणीतरी परदेशी माणूस हिरव्यागार बागेत, ढगाळ हवेत, एखादा फ्लॅश उत्तम असल्याचं सांगायचा, आणि हा मनात म्हणायचा, एकदा आमच्या रेशीमबागेच्या मैदानात ये बाबा. मग तो सीताबर्डीवर चंद्रभानच्या दुकानात जायचा. चंद्रभान कॅमेऱ्याचं सामान विकायचा, भाड्यानेही द्यायचा, आणि जुन्या ओळखीमुळे दोन दिवस वापरून पाहायलाही द्यायचा. प्रेमानंदने आधी खिशात मावेल असा छोटा नेला. सावलीत झकास, उन्हात नेला तर उजेड पडला की नाही हेच कळेना. कॅमेऱ्याचं शटर जलद पळवावं तर फ्लॅश मागे राहून जायचा आणि अर्ध्या फोटोवर काळा पट्टा यायचा. मग पाण्याच्या बाटलीएवढा नेला. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी वडिलांना उभं करून त्याने तो तपासला. आनंदराव वीजखात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. चेहऱ्यावर फ्लॅश चमकला की पकडलेल्या चोरासारखे ताठ व्हायचे.

"एवढ्याशा डब्यात एवढा करंट!" ते म्हणाले. "शॉक-गिक तं नाही ना गा लागणार?"

फोटो बरे आले होते. शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. पण कुठेतरी कोणीतरी लिहिलेलं याच्या वाचनात आलं की भर दुपारी हा कमी पडतो, आणि झालं. जेवण गोड लागेना. सकाळी दुकान उघडायच्या आधीच हा शटरसमोर उभा.

"अबे, लग्न तुह्या बहिणीचं आहे," चंद्रभान कुलूप काढता काढता म्हणाला, "अन् पाहण्याचे कार्यक्रम तूच करून राहिला! कोणता पसंत आहे ते सांग ना एकदाचं."

"सगळ्यात मोठा कोणता आहे? सूर्याले मारणारा?"

चंद्रभानने शिवणयंत्राच्या डोक्याएवढं एक धूड काउंटरवर ठेवलं. त्याच्या वजनाने काच कुरकुरली. प्रेमानंदला ते पाहूनच बरं वाटलं.

गच्चीवर इंदूबाई लग्नासाठी कुरड्या वाळत घालत होत्या. बारा वाजायला आले होते. शामला त्या दिवशी खरेदीसाठी आलेली होती. फ्रॉकमधली ती पोर आता दोन पोरांची आई झाली होती, जीभ मात्र तेवढीच. प्रेमानंदने आईला फार विनवलं. "एकच आई. फक्त फ्लॅश पाहायचा आहे. कोणाले दाखवत नाही." हातात लेकरू नव्हतं, म्हणून इंदूबाईंनी कुरड्यांची परात छातीशी धरली आणि उभ्या राहिल्या. त्याने ते धूड पूर्ण ताकदीने उडवलं. गच्चीवरचं कबुतरही उडालं. इंदूबाई दचकल्या, मग जरा हसल्या, पण तो डबा पुन्हा चार्ज होईपर्यंत ते हसू कुठलं थांबायला? तरी फोटो आलेला होता. प्रेमानंदने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि त्याची छाती फुगली. ऊन हरलं होतं. आईचा चेहरा लख्ख, नितळ, उजळ.

"अगं माय! वहिनी, कशी गोरीपान आली वं तू!" शामला पडद्यावर वाकून ओरडली. "मेकअपवालीचे पैसे वाचले!"

प्रेमानंद हसला. त्याने कॅमेरा आईच्या हातात दिला. इंदूबाईंनी परात खाली ठेवली, पदराने पडद्यावर सावली केली आणि पाहत राहिल्या. फार वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर हात नेला. तिथे गोंदणाचे तीन ठिपके होते, लहानपणी नरखेडच्या बाजारात त्यांच्या आईने मांडीवर घेऊन गोंदवलेले. आई लवकर गेली. तिचा फोटोसुद्धा कुठे नव्हता. मागे उरलं ते एवढंच.

"यातलं माह्यं गोंदण कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"ते... उजेड जास्त झाला ना, म्हणून पुसट..."

"पुसट नाही, गेलंच ते." त्यांनी कॅमेरा परत दिला. आवाज चढला नव्हता. "त्या फोटोवाल्यानं मले काळीठिक्कर केली. तू पांढरी केली. मी जशी आहे तशी कोणालेच नको काय गा?"

आणि त्या कुरड्या तशाच सोडून जिना उतरून गेल्या. शामला उरलेल्या कुरड्या पसरू लागली. प्रेमानंद उन्हात उभा राहिला. कानशिलं तापली होती, आणि ती उन्हाने नाही, शरमेने.

त्या दुपारी तो गाडी घेऊन नुसता फिरला. तलावाला चकरा मारल्या, मानेवाडा रोडने गेला, परत आला, पुन्हा गेला. मग घरी येऊन संगणकासमोर बसला आणि आजवर काढलेल्या नवऱ्या एकेक करून पाहू लागला. प्रत्येक चेहरा त्याने उजळ केला होता. काही जणींनी मागितलं होतं, हे खरं. पण बहुतेकींनी मागितलंही नव्हतं. फोटो उघडला की त्याचा हात आपोआप तिकडेच जायचा, जसा भाजी करताना इंदूबाईंचा हात मिठाकडे. कोणाच्या गालावरचा तीळ गेला होता, कोणाच्या कपाळावरची लहानपणची खोक गेली होती. सगळ्या नवऱ्या आता एकमेकींच्या बहिणी दिसत होत्या, आणि त्यांतली एकही त्याच्या आईसारखी दिसत नव्हती. रडू येण्यासारखं झालं, पण ज्याला एका जागी बसता येत नाही त्याला धड रडताही येत नाही. तो उठला आणि ते धूड घेऊन पुन्हा सीताबर्डीला गेला.

"आता काय झालं?" चंद्रभानने कपाळाला हात लावला. "सूर्य मेला नाही काय?"

"चंद्रभान, तो बाटलीएवढा सगळ्यात कमी किती होते?"

"कमी?" चंद्रभान बघतच राहिला. "अबे, इथं जो येते तो जास्त किती होते ते विचारते."

"मले कमीच पाहिजे. थोडा थोडा वाढवता आला पाहिजे."

चंद्रभानने बटण फिरवून दाखवलं. अगदी शेवटच्या टोकाला तो फ्लॅश इतका हळू लुकलुकला की दुकानातल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. प्रेमानंदने तोच पिशवीत घातला. घरी येताना तो सिग्नलला थांबला.

लग्नाच्या दिवशी विहाराशेजारचं मैदान पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, पंगती बसल्या. मंडपातले फोटो प्रेमानंदने एका मित्रावर सोपवले होते. तो स्वतः मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली, सकाळपासून जागा बदलत होता. शेवटी सावली संपते तिथे, पाठीवर ऊन येईल अशी जागा त्याने पक्की केली, आणि छत्री वाऱ्याने उलटू नये म्हणून दांडा आनंदरावांच्या हातात दिला. मग तो जेवणाकडे गेला. इंदूबाई वाढणाऱ्यांवर नजर ठेवून उभ्या होत्या. कडेवर अर्थातच कोणाचं तरी लेकरू.

"आई, चल. फोटो तूच पाहायचा. नाही पटला तं तूच मिटव. मी काही बोलत नाही."

"अन् एकही नाही पटला तं?"

"तं एकही नाही." दीप्ती मंडपातून इकडेच पाहत होती.

इंदूबाई लेकरासकट येऊन उभ्या राहिल्या. पहिला फोटो त्याने फ्लॅशशिवायच काढला आणि कॅमेरा दिला. तेच ते, लख्ख साडी आणि वर काळोख. इंदूबाईंनी त्याने दाखवलेलं बटण दाबलं आणि फोटो गेला. दुसऱ्यात उजेड जास्त झाला. तोही गेला. तिसऱ्याला त्यांनी जरा वेळ लावला आणि म्हणाल्या, "अजून कमी कर." त्याने कमी केला. आनंदराव दांड्याला लटकल्यासारखे उभे होते आणि घामाघूम झाले होते. प्रेमानंद एका गुडघ्यावर बसला होता, आणि तो गुडघा हलत नव्हता.

पुढचा फोटो इंदूबाईंनी पदराआड धरून पाहिला. साडी पांढरी होती, तिची घडीन् घडी दिसत होती. पदराच्या काठावर मागून आलेलं ऊन होतं. चेहरा सावळा होता, त्यांचाच होता, डोळ्यांखालच्या रेषांसकट. लेकराच्या टोपड्याच्या कडेला हनुवटी जेमतेम दिसत होती, आणि तिच्यावर तीन ठिपके होते.

त्यांनी बटणावर बोट ठेवलं नाही. ते पडद्यावर, हनुवटीपाशी ठेवलं.

"दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

एव्हाना शामलाही येऊन मागून डोकावत होती. ती हळूच म्हणाली, "वहिनी... मले बी असाच काढायले सांग ना वं याले."

"थांब जराशी," इंदूबाई म्हणाल्या. "पहिले माही पोरगी." त्यांनी मंडपाकडे हात करून दीप्तीला बोलावलं. ती साडी सावरत धावत आली आणि आईला लागून उभी राहिली. प्रेमानंदने कॅमेरा डोळ्याला लावला.

"एक मिनिट रे," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी कडेवरचं लेकरू उचलून शामलाच्या हातात दिलं, रिकामे झालेले दोन्ही हात पदराला पुसले आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हं, काढ."