उभ्या माणसाचं दुखणं

औषधांच्या दुकानात माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. मोबाईल त्यांनी स्पीकरवर लावून काउंटरवर ठेवला होता. विमा कंपनीचं तेच ते संगीत वाजत होतं आणि आजोबा बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करत होते. ते ऐकून माझ्याही पायांना चैन पडेना. त्यांच्या शेजारी आजी डॉक्टरांची चिठ्ठी धरून उभ्या होत्या.

अखेर एका मुलीचा आवाज आला. "सर, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालात तर ही गोळी पॉलिसीत बसते. घरी घेतलीत तर नाही."

"अगं, पण ॲडमिट व्हायला लागू नये म्हणूनच घ्यायची ना ती?" आजी फोनकडे वाकून म्हणाल्या.

मला त्या मुलीचा रागच आला. मग वाटलं, आपल्या घरांत तरी वेगळं काय चालतं? हिंडता-फिरता म्हातारा माणूस 'दुखतंय' म्हणाला, की आपण 'वय झालं आता' म्हणून मोकळे होतो. त्याने अंथरूण धरलं, की मात्र शहाळी घेऊन धावतो. दुखणं खरं ठरायला माणूस आडवाच व्हावा लागतो.

"तब्येतीची काळजी घ्या, सर," मुलगी शेवटी म्हणाली.

"घेतोय बाळ, म्हणून तर विचारलं."

फोन खिशात टाकून आजोबा दुकानदाराला हळूच म्हणाले, "आज अर्धीच स्ट्रिप द्या." दुकानदाराने कात्री उचलली.

अंगठीची टकटक थांबली होती. माझ्या पायांना मात्र अजून चैन नव्हती.