ब्लाउजपीसच्या पिशव्या

शेजारच्या काकूंची गाय मेली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट फाडून दाखवलं. आत कॅरिबॅगांचा हा एवढा गोळा. भीत भीत पुढं होऊन पाहिलं, तर काहींच्या गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. भाजीची देठं, शिळंपाकं कॅरिबॅगेत घालून, गाठ मारून आपण उकिरड्यावर टाकतो. गाय बिचारी पिशवीसकट गिळते. माझ्या अंगावर काटा आला. काकू मात्र त्या गायीच्या कालवडीकडं बघत होत्या.

"ही बी तिथंच चरती," एवढंच त्या बोलल्या. तेव्हापासून कालवड दाव्यालाच. तिला हिंडू द्यायचा त्यांना धीरच होईना.

मी घरी ब्लाउज शिवते. त्याच आठवड्यात पिशव्या शिवायला घेतल्या. कापडाची ददात नव्हती. आमच्या नांदूरघाटात ओटीत आलेला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, पुढच्या बाईच्या ओटीत घालतात. मी दिलेला पीस फिरून माझ्याकडंच आलाय. बायकांकडं मागितले, तर पेट्यांच्या तळातून ढीग निघाला. कापड दुहेरी घेतलं, तळाला गोधडीसारखे टाके घातले, बंद खांद्यावर येतील इतके लांब ठेवले. एक पिशवी ज्वारी भरून बाभळीला टांगून पाहिली. टिकली. मग घरोघर वाटल्या.

बाजाराच्या दिवशी बघते, तर सगळ्यांच्या हातात कॅरिबॅगाच. असा संताप आला म्हणून सांगू! विचारलं तर म्हणाल्या, इतकी देखणी पिशवी कांद्या-बटाट्यानं मळेल की. एकीनं तर माझी पिशवी खराब होऊ नये म्हणून कॅरिबॅगेत घालून ठेवली होती. मी कपाळाला हात लावला.

मग सुचलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमची रीत. मी पिशवीत शेवग्याच्या शेंगा घालून काकूंकडं दिल्या आणि पिशवी तेवढी परत पाठवा म्हणाले. ती वांगी घेऊन आली. मग दिसेल तिला भरलेली पिशवीच द्यायला लागले. हिंडून हिंडून पिशव्या मळल्या, आणि मळलेली पिशवी बाई बेलाशक बाजारात नेते. एक तर ऊसतोडीला गेलेल्या घरासोबत पार कारखान्यावर गेली आणि गूळ घेऊन परतली. मी ती हातात धरून नुसती बघत बसले. टाका न् टाका शाबूत होता.

उकिरड्यावर कॅरिबॅगा दिसेनाशा होत गेल्या. काकू रोज जाऊन बघून यायच्या. एक दिवस त्यांनी कालवडीचं दावं सोडलं.

त्याला दीड-दोन वर्षं झाली. परवा सकाळी काकू दारात आल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीत चिकाची किटली.

"कालवड रातीच व्याली. देवाला दाखवायच्या आदी तुला आणलाय."

किटली तशीच ठेवून त्यांच्या मागं गोठ्यात गेले. वासरू उभं राहायला धडपडत होतं, ती त्याला चाटत होती. मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि मला रडूच कोसळलं.