चांगलं पेट्रोल शोधताना

नाशिकहून जव्हारचा घाट उतरून डहाणूला पोचलो, तेव्हा माझी नवी गाडी तीन आठवड्यांची होती आणि तिच्याहून जास्त चकचकीत मीच होतो. २०१७ सालचा मार्च होता. शेजारच्या मसोलीत माझी थोरली बहीण राहते, निवृत्त शिक्षिका. तिचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. तिला रानशेतला न्यायचं होतं. तिथल्या शाळेत ती नवखी बाई म्हणून रुजू झाली, तेव्हा लाडकीबाईने तिला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं होतं. तीच लाडकीबाई आता फार आजारी होती आणि ‘बाईंना एकदा आणा’ म्हणून निरोपावर निरोप धाडत होती.

सकाळी चिकू खाऊन निघालो. पेट्रोलचा लाल दिवा लागला म्हणून डहाणूच्या पंपावर थांबलो. तिथे फक्त साधं पेट्रोल.

“साधंच भरा ना काका, गाडीला काय फरक पडत नाय,” पंपावरची बाई म्हणाली.

मी कसला ऐकतोय! गाडी विकणाऱ्याने ‘प्रीमियमच घाला’ असं माझ्या डोक्यात भरवलं होतं. हायवेवर नक्की मिळेल म्हणून गाडी तलासरीकडे दामटली.

“अरे, रानशेत हे काय इथं आहे,” ताई एकदाच म्हणाली. मग घड्याळ बघत राहिली.

दोन्ही बाजूंना ताडाची झाडं आणि वाळलेली शेतं. तलासरीला ट्रकांची गर्दी, आणि प्रीमियम संपलेलं. “बॉर्डरपलीकडे बघा, इथले सगळे तिकडंच भरतात,” पंपवाला म्हणाला. गुजरातेतल्या पंपावर रांगेत तास गेला. नंबर आल्यावर तिथल्या वयस्कर गुजराती माणसाने टाकीचं झाकण उघडून आतल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“शेठ, आ वाचा. ९१ ऑक्टेन लिहिलंय. साधं पण ९१ च हाय. एवढा लांब कशाला आला?”

मी ओशाळून हसलो. ताई हसली नाही.

रानशेतला पोचेपर्यंत दुपार टळली होती. अंगणात रिकामी बाज. लाडकीबाईची सून बाहेर आली.

“सकालपासून हितं बसलेली, बाई. तुमच्यासाठी नागलीची (नाचणीची) भाकर करायला लावली. मंग दम लागला. आताच जीपमधी घालून सिल्वासाच्या दवाखान्यात नेली.”

आम्ही मागोमाग सिल्वासा गाठलं. आम्ही पोचायच्या आधीच तिचा जीव गेला होता.

जेवढ्या पेट्रोलवर मी तलासरी गाठली, तेवढ्यात रानशेत दोनदा झालं असतं. हे मला आजही झोपू देत नाही. माफी मागायचं ठरवत तीन दिवस मसोलीत काढले, पण तोंड उघडलं नाही. निघताना ताई फाटकापर्यंत आली, बॉनेटवरून हात फिरवला.

“गाडी छान आहे रे तुझी. जरा आवाज करत नाही.”

तिने चार शब्द सुनावले असते, तर नाशिकपर्यंतचा रस्ता सोपा गेला असता.