कुठल्या रस्त्याला कुठला टायर

सायकलवाल्यांचे किस्से टायरच्या चिखलासारखे असतात. एक खरवडून काढावा तर त्याच्याखाली दुसरा चिकटलेला! बारामतीत आम्ही चौघं दर रविवारी पहाटे सायकली काढतो. चार-पाच वर्षांत एवढं काही साचलंय, की हल्ली राइड कमी आणि टपरीवरचा चहा जास्त होतो.

चौघं म्हणजे एक दातांचे डॉक्टर; मुलांच्या शाळेसाठी बारामतीत राहणारे, पण जीव गावाकडं निरवांगीच्या डाळिंबात अडकलेले राजाभाऊ; शाळेत विज्ञान शिकवते म्हणून सगळ्यांची ‘बाई’ झालेली मी; आणि दत्तूतात्या. तात्यांचं सायकलचं दुकान आहे. हाताला कायम रबराचा वास.

आमचं भांडण एकच. डॉक्टर म्हणतात, प्रत्येक खेळाला वेगळा टायर लागतो, ते शास्त्र आहे. मी म्हणते, सगळं मार्केटिंग! रोडचा, ग्रॅव्हलचा, ट्रेलचा, टूरिंगचा... तात्यांच्या भिंतीवर आता नुसती टायरांची वेटोळी लटकलेली असतात.

तात्या म्हणतात, “आमच्या टायमाला दोनच परकार हुते. फुटल्याला आन् न फुटल्याला!”

*

डॉक्टरांनी ग्रॅव्हलचा, म्हणजे खडीच्या रस्त्याचा टायर मागवला. पाकिटावर डोंगर, धूळ, उडी मारणारा एक गोरा माणूस, आणि खाली लिहिलेलं की काटा आत शिरूच शकत नाही. डॉक्टरांनी ते पाकीट आम्हाला तीनदा वाचून दाखवलं.

लोणी भापकरच्या रस्त्याला नुकतं उजाडत होतं. धुकं ज्वारीच्या कणसांपर्यंत उतरलेलं, डॉक्टर पुढं, आणि त्यांचा टायर एका संथ लयीत गुणगुणत होता. दोनेक किलोमीटर गेलो असू. गुणगुणणं थांबलं आणि फुस्स झालं.

तात्यांनी पकडीनं बोटभर लांब काटा ओढून काढला आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

“डाक्टर, बाभळीला इंग्रजी येत न्हाय. पाकिटावर काय लिवलंय, तिला कसं कळणार?”

*

राजाभाऊंनी मात्र रेसिंगचा टायर घेतला. गोटीसारखा गुळगुळीत. “बाई, ह्यो रस्त्याला टेकतच न्हाय!” असं म्हणत ते कऱ्हाटीच्या वाटेला जे सुटले, ते ठिपका होईपर्यंत.

एका वळणावर ट्रॉलीतून सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्ता चिकट-निसरडा झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा सायकल बांधावर आणि राजाभाऊ गायब. उसात दोन पाय दिसले.

“राजाभाऊ, लागलं का?” डॉक्टर ओरडले.

“श्श. गप ऱ्हावा. हितनं आभाळ लई लांब दिसतंय.”

आम्ही आत वाकून बघितलं. खरचटलेला कोपर सोडला तर माणूस धड होता. पाचटावर उताणा पडून वर बघत होता. पात्यांच्या फटीतून निळं आभाळ हलत होतं, बगळ्यांची एक ओळ गेली. काय वाटलं कुणास ठाऊक, डॉक्टर शेजारी आडवे झाले. मग मी. मग तात्यासुद्धा. वारा उसातून जात होता आणि आम्ही वाहत चालल्यासारखे पडून होतो.

बांधावरून एक बाई आली. तिला आठ पाय दिसले असणार.

“कोण मेलंय तितं?”

राजाभाऊ पडल्या पडल्याच म्हणाले, “कुणी न्हाय, काकी. टायरची टेस्ट चाललीया!”

*

टेस्ट म्हटल्यावर माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. मी म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावू. सायकल एकच, टायर तीन: साधा, रोडचा आणि ग्रॅव्हलचा, नावांवर काळी चिकटपट्टी. कालव्याच्या कडेनं प्रत्येकानं खाली न बघता तिन्ही टायरांवर तेवढंच अंतर जायचं आणि ओळखायचं. टायर बदलायचं काम तात्यांचं, दुकानामागच्या शेडमध्ये, दार लावून.

पहिल्या टायरवर डॉक्टर परत आले. “दगड! हाडं वाजली. हा साधा गावठी.”

दुसरा राजाभाऊंना आवडला. “ह्यो पळतूय. ह्यो रोडचा.”

तिसऱ्यावर आम्ही तिघंही एकमतानं विरघळलो. मी तर परतायचंच विसरले. कालव्यातलं पाणी माझ्याबरोबर चालत होतं, खडी म्हणजे जणू कुणी पिंजून अंथरलेला कापूस. इतकी वर्षं भांडणारी मी, दुकानापाशी उतरून म्हणाले, “डॉक्टर, तुमचं खरं. हा ग्रॅव्हलचा, आणि ह्यात काहीतरी आहे!”

डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

तात्या चिंधीला हात पुसत शेडमधून आले. “बाई, टायर मी बदललाच न्हाय. तिन्ही डावाला त्योच हुता. निस्ती हवा कमी-कमी करत गेलो.”

डॉक्टरांनी माझा हात सोडला.

“आन् हवंवर कुणाचं नाव नसतं,” तात्या म्हणाले.

*

ह्यानंतर मी महिनाभर मिरवले. मग आम्ही निरवांगीला गेलो. राजाभाऊंच्या शेताखालीच नीरा नदी आहे. पाणी आटलं होतं, पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू. डॉक्टरांच्या सायकलला त्या दिवशी मनगटाएवढे रुंद टायर होते. त्यांनी सायकल सरळ वाळूत घातली आणि निघाले. बुडाले नाहीत, अडकले नाहीत. मोठमोठी वर्तुळं काढत ते हात सोडून फिरत राहिले, आणि आवाज असा काही नाहीच.

मी मागोमाग घातली. चार फुटांवर माझं पुढचं चाक वाळूत रुतलं ते रुतलंच. मी उतरले, सायकल खांद्यावर घेतली आणि निघाले. हवा तर आधीच कमी केली होती.

डॉक्टरांनी माझ्याभोवती एक हळुवार गिरकी घेतली आणि अगदी प्रेमानं विचारलं, “बाई, मार्केटिंग जड आहे का हो?”

*

निरवांगीलाच राजाभाऊंचे वडील असतात, आबा. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय. आयुष्यभर बायकोला कॅरिअरवर बसवून सायकलवर फिरलेला माणूस, आता ओट्यावर बसून असतो. ती, राजाभाऊंची आई, वारल्यापासून बोलणंही कमी झालेलं. तात्यांनी मग दोन सायकली जोडून एक जोडसायकल केली. पुढं राजाभाऊ, मागं आबा, त्यांच्या मागं रिकामं कॅरिअर. डॉक्टरांनी हट्टानं आपले रुंद, मऊ टायर बसवले. आबांना धक्का बसायला नको!

गावाबाहेर पडलो. आबा आखडून बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, “राजा, थांब. रस्ता गप का झालाय? कुठं आलोय कळंना मला.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण तेच घराकडं परत फिरले, आणि तात्यांना घेऊन त्यांनी आबांच्या जुन्या सायकलची चाकं ह्या सायकलला बसवली. टणक, झिजलेली, खडखडणारी.

पुन्हा निघालो. आता आबांची मान ताठ झाली. “ही मोरी... आता डांबर संपलं... हितं चिंचंची सावली. ओलीय जरा.” आम्ही बघत होतो. एकही चुकलं नाही. ऊन कोवळं होतं, आबा डोळे मिटून हसत होते, पायडल मारत होते.

पुढं चढ लागला. आबा एकदम म्हणाले, “थांबव.”

“दम लागला का, आबा?” राजाभाऊंनी विचारलं.

“मला कशाचा दम? चढ आला न्हवं. ती हितं उतरती.”

आबा उतरले आणि कॅरिअरवर हात ठेवून चालू लागले. राजाभाऊ हँडल धरून पुढं. आम्ही तिघंही उतरलो. चढभर नुसती चाकांची खडखड.

माथ्यावर आबा थांबले. सायकल एका हातानं घट्ट धरली, मान थोडी मागं वळवली, आणि जरा वेळ तसेच उभे राहिले.

मग म्हणाले, “हां. बसली. चल आता.”