वळलेला भांग

खिडकीतली बाहुली आज बाहेर तोंड करून बसली होती. मागून तिचा भांग दिसत होता. टाळूपासून सरळ आलेला, आणि भोवऱ्याखाली जरासा वळलेला. वेण्या ओवीने घातल्या होत्या, माझ्या पाच वर्षांच्या धाकटीने.

ओवीचे केस दाट, कुरळे. कोरडे विंचरले की रडारड, म्हणून आधी पाणी, मग खोबरेल, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकांकडून वर. भांग पाडताना मात्र भोवऱ्याखाली आलं की माझा हात आपोआप हलका होतो आणि वळसा घेतो. तिथे सईला टाके पडले होते. सई माझी थोरली, असेच केस होते तिचे. ती तापाने गेली, त्यानंतर दोन वर्षांनी ओवी झाली. ओवीच्या डोक्यावर कसलीच खूण नाही, आणि सईबद्दल आम्ही तिला अजून काही सांगितलेलं नाही. मला हे सगळं कळतं. पण हात रोज सकाळी ती जुनी जखम सांभाळूनच पुढे जातो.

"हिचा भांग असा का गं?" मी विचारलं.

"तिथे तिला लागलंय," ओवी म्हणाली. "माझ्यासारखं."

मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून बसली आणि कंगवा मागे धरून म्हणाली, "आई, मला कधी लागलं होतं गं तिथे?"