वांगी रंगाची बाही

विमल, हा कागद जरा जवळ धर. लांब धरून वाचण्यासारखी गोष्ट नाही ही, आणि तोंडानं सांगावी तर हल्ली जास्त बोललं की मला ढास लागते. पण आधी तुझा कान धरते. "लोकरीसाठी कुणी हैदराबादला जातं का?" असं तू जिन्यात उभी राहून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होतीस. मी बॅग भरत होते, बहिरी झाले नव्हते. आता परत येऊन इतके दिवस झाले, पूल ओलांडला की तुझं घर, तरी तुझा पत्ता नाही. म्हणून सगळं लिहूनच काढलं. वाच, आणि मग सांग जायला हवं होतं की नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, लग्न झाल्यापासून हैदराबादला बरकतपुऱ्यात राहते हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे की अक्कानं माझ्या हातचं विणलेलं आजवर कधी अंगाला लावलं नाही. मला विणकाम कुणी शिकवलं नाही. रेशनच्या रांगेत पुढच्या बाईच्या पाठीवरचे टाके मोजत मोजत शिकले. तर पहिला स्वेटर अक्कासाठी विणला आणि त्याचा गळा तिच्या कानांपाशी अडकला. ना वर, ना खाली. भाऊजींनी बाह्या धरून ओढलं तेव्हा सुटली बिचारी. त्यानंतर मी जे जे पाठवलं ते तिनं "जपून" ठेवलं. तिच्या कपाटात माझं इतकं काही जपलेलं आहे की दार नीट लागत नाही.

आणि यंदा तिनंच फोन केला. हिवाळाभर ती दोघं लेकीकडे डेहराडूनला जाणार होती. म्हणाली, "तिकडं लई थंडी म्हणे. एक स्वेटर विणून दे." मी फोन ठेवला. मग पेटीच्या तळातून ती लोकर काढली. वांग्याच्या सालीसारखा रंग, काळपट जांभळा, उन्हात धरला की आतून तांबूस. अक्कानंच कधीकाळी मलकपेठेतून पाठवलेली, आणि मी कशासाठी तरी राखून ठेवलेली. ते "कशासाठी तरी" आता आलं होतं.

पण ती रोज फोन करून सूचना देई. कंबर झाकली पाहिजे. अजून थोडा लांब. बसलं तरी वर चढायला नको. त्या कंबरेनं लोकर खाल्ली. उजवी बाही पुरी झाली, डावी मनगटापासून कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. नांदेडात तो रंग कुणाकडे नाही. फोनवर फोटो पाठवावा तर जांभळ्याचा निळा होतो. तेव्हा जिथून लोकर आली तिथंच जायचं ठरवलं. दीड बाहीचा स्वेटर बॅगेत घातला आणि गाडीत बसले.

बासरच्या पुलावर गोदावरीला हात जोडले. निजामाबादला एक तेलुगू बाई समोर येऊन बसली. डब्यातून तिनं सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाचं थालीपीठच म्हण, पण भांड्यात थापून केलेलं) काढून माझ्या हातावर ठेवली. शेंगदाणे, तीळ, कढीपत्ता, वरून तेल. आता तेलकट हातानं सुया कशा धरायच्या? म्हणून स्वेटर मांडीवर नुसता पसरून ठेवला. तिनं तो बराच वेळ न्याहाळला आणि हळूच विचारलं, "जिनका है, उनका एक हाथ...?"

"दोन्ही आहेत," मी म्हटलं, "लोकर एका हाताची आहे." तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं अजून एक सर्वपिंडी दिली.

काचीगुड्याला उतरून रिक्षानं बरकतपुऱ्याला पोचले. अक्का दारातच उभी. आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत तिची मराठी अर्धी तिकडची झाली आहे. होला "हौ" म्हणते, नकोला "नक्को". बैठकीतल्या भिंतीचे पोपडे निघाले होते, तर म्हणाली, "बघ ना, परवाच रंग दिला होता." मी मनात म्हटलं, रंगारी चोर दिसतो. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मलकपेठेत गेले. अक्काचं सामान बांधणं चाललं होतं, रविवारी रात्री तिची गाडी. बाजारात पोचल्यावर पर्समध्ये हात घालते तर लोकरीचा नमुना घरीच राहिलेला. परत जायचा कंटाळा. समोर भाजीचा ठेला होता. मी वांग्यांचा ढीग उपसून उपसून अगदी आपल्या रंगाचं एक वांगं शोधलं. ठेलेवाला म्हणाला, "अम्मा, सालन (रश्शाची भाजी) बनाना कि शादी करना?" वांगं घेतलं आणि लोकरीच्या दुकानात शिरले.

दुकानदार म्हणाला, "क्या होना अम्मा?"

मला वाटलं विचारतोय, काय व्हायचंय. म्हटलं, "मला आता काही व्हायचं नाही बाबा, जे व्हायचं ते होऊन बसले." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग लक्षात आलं की तिकडे "होना" म्हणजे "पाहिजे". मी काउंटरवर वांगं ठेवलं. "हे पाहिजे."

"तरकारी (भाजी) बाहर है अम्मा."

"या रंगाची लोकर."

त्यानं वांगं फिरवून फिरवून बघितलं, देठ बोटानं बाजूला केला. "ये रंग तो परसों आया था. खतम होगया."

"परवा आलं आणि आज संपलं? गावानं काय वांगी रंगाचा गणवेश शिवायला घेतलाय?"

तो बिचारा नुसता हसला. मगाशी हसणारी बाई पुढे आली. माझ्याच वयाची, ठेंगणी, बुरख्याच्या बाहीतून विणायच्या सुयांची टोकं डोकावत होती. तिनं वांगं हातात घेतलं आणि म्हणाली, "ये रंग? परसोंइच मैं बच्चे के वास्ते इसका स्वेटर बुनी. घर को आओ ना कल. देखेंगे."

माझ्या जिवात जीव आला. परवा बाळासाठी स्वेटर विणला म्हणजे गुंडाभर लोकर उरलेली असणारच. पत्ता घेतला, नाव विचारलं. शमीम. सगळे आपा म्हणतात, म्हणाली. म्हणजे अक्काच की ती पण, फक्त दुसऱ्या भाषेतली.

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. त्या वांग्याला साथीदार जमवून तिनं बघारे बैंगन केले होते, शेंगदाणे, तीळ, चिंच घालून. जेवताना म्हणाली, "परवाचं आहे म्हणतेस, तर मग ट्रंकेत असेल तिच्या."

"परवाचं ट्रंकेत कशाला टाकेल?"

"मग काय बाहेर ठेवेल? कसर लागेल की." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दोघींना वाटलं समोरचीचं वय झालं.

शुक्रवारी संध्याकाळी आपाच्या घरी निघाले. बाळाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून वाटेत एक खुळखुळा घेतला, पिवळा, पोपटाच्या आकाराचा. दार उघडलं ते एका दाढीवाल्या माणसानं. दाढी निम्मी पांढरी.

"सलाम खाला (मावशी), अंदर आओ," तो म्हणाला.

आत चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. मी इकडेतिकडे बघत होते. पाळणा नाही, दुपटी नाहीत. शेवटी विचारलं, "बच्चा कुठंय?"

आपानं हनुवटीनं त्या दाढीवाल्याकडे खूण केली. "ये क्या बैठा. अन्वर. पहली जमात (पहिली इयत्ता) में था, तब बुनी."

"पण तुम्ही परसों म्हणालात..."

"हौ. परसोंइच तो."

विमल, तेव्हा मला तो पोपडे आलेल्या भिंतीचा रंगारी आठवला. हैदराबादेत "परसों" म्हणजे परवा नव्हे गं. जे होऊन गेलं ते सगळं परसों. काल नसलं की परसों. मग ते गेल्या आठवड्यातलं असो की अन्वरला दाढी यायच्या आधीचं. आणि आमची अक्का मराठी बोलताना त्याचंच "परवा" करते. म्हणजे दुकानातला तो रंगही तेव्हाच कधीतरी संपलेला. अक्कानं मला लोकर पाठवली, त्याच मोसमात आपानंही घेतली असणार.

मी खुळखुळा पर्समध्ये लपवायला गेले तर तो वाजला. अन्वरनं हात पुढे केला, गंभीरपणे घेतला, एकदा हलवून बघितला आणि म्हणाला, "शुक्रिया खाला. मेरेकू कोई नहीं दिया था ऐसा."

आपानं ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. जुन्या चादरीत गुंडाळलेला तो बिनबाह्यांचा छोटा स्वेटर तिनं माझ्या मांडीवर ठेवला. मी त्याच्याशेजारी आपली अर्धी बाही धरली. रंग तोच. उरलेली लोकर मात्र नव्हती. तिनं सगळी त्या स्वेटरात घातली होती.

"खोलो," आपा म्हणाली. उसवा.

मी हात मागे घेतले. "हे नाही उसवायचं. पोराचं आहे."

"पोरगं ये क्या बैठा. उसके एक हात में भी नहीं आता अब."

"तरी नाही. मी दुसरा रंग लावीन बाहीला."

खरं सांगते, तोंडानं नाही म्हणत होते आणि बोटं टाके चाचपत होती. त्यात पुरेशी लोकर होती. अक्काची गाडी परवावर आली होती, आपल्या परवावर. आणि दोन रंगांची बाही बघून अक्का काय करील ते मला पाठ होतं. छान म्हणेल, घडी घालेल, जपून ठेवेल.

आपानं माझा कप भरला. मग सावकाश म्हणाली, तिच्याच बोलीत, पण मी माझ्या शब्दांत सांगते, की हा स्वेटर उसवायला तिनं कितीदा बाहेर काढला होता. नातीचे मोजे करायचे होते. पण एकटीनं टोक ओढायला घेतलं की डोळे भरून यायचे आणि परत ट्रंकेत. सून आहे, तिला विणकामाचं वेड नाही. "अकेले नहीं होता ये काम. तुम लपेटो, मैं खेंचती."

हे मात्र कुठल्याही विणणाऱ्या बाईला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी सरसावून बसले. आपानं गळ्याजवळची गाठ दातानं तोडली आणि ओढायला लागली. टर्रर्र करत एकेक ओळ निघायला लागली. लडी करायला काहीतरी हवं होतं, तर आपानं अन्वरला समोर बसवलं, "हात आगे कर." तो दोन्ही हात पुढे करून बसला आणि मी त्याच्या हातांवर त्याचाच स्वेटर गुंडाळत गेले. मध्येच त्याचा फोन वाजला. त्यानं आईकडे बघितलं.

"हिलना नक्को," आपा म्हणाली. फोन वाजून वाजून बंद पडला.

आपा ओढता ओढता बोलत होती. हा खिसा, यात हा चिंचा भरायचा. हा इथला टाका सुटलेला, कुंपणावरून उडी मारली तेव्हाचा. मी भीत होते ती रडेल म्हणून. ती हसत हसत बोलत होती आणि अन्वरच मान वळवून खिडकीकडे बघत होता. खिसा तेवढा तिनं उसवला नाही. तो काढून ट्रंकेत ठेवून दिला.

जुनी लोकर उसवली की शेवयांसारखी कुरळी निघते, तुला ठाऊक आहे. घरी येऊन ती कोमट पाण्यात भिजवली आणि गॅलरीत टांगून खाली अक्काचा पितळी तांब्या वजनाला बांधला. शनिवारी सकाळच्या उन्हात सरळ झाली. अक्का म्हणते, हैदराबादला दोन्ही ऊन मिळतं, तिकडच्या बोलीतलं, म्हणजे लोकर, आणि आपल्यातलं. मी दिवसभर विणत बसले. अक्का बॅगा भरता भरता जाऊन येऊन बघत होती, विचारत मात्र काही नव्हती. भाऊजी एकदाच म्हणाले, "गळा मोठा ठेवला ना? या वयात मला ओढवणार नाही."

संध्याकाळी बाही जोडली. अक्कानं स्वेटर घेतला, आत डोकं घातलं. भाऊजी तयारीत उभे राहिले. डोकं आलं, कान आले, पूर्ण अक्का आली. तिनं कंबरेवर हात फिरवला. डावी बाही नाकाशी नेली.

"डांबरगोळीचा वास येतो."

"जाईल."

"कोपराच्या वर जरा उजळ दिसते ना?"

"जरा."

तिनं स्वेटर काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. कपाटात नाही, पण खुर्ची कपाटाजवळच होती. मग तिला तो अन्वरचा स्वेटर, खिसा, खुळखुळा, सगळं सांगितलं. ती नुसती "हौ" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

रविवारी माझी गाडी दुपारची होती. अक्कानं यायची गरज नव्हती, रात्री तिलाच निघायचं होतं. काचीगुड्याला मी डब्यात जागा धरली, खिडकीतून बघते तर फलाटावर अक्का. भर उन्हात, आजूबाजूला माणसं शर्टाची बटणं उघडून वारा घेताहेत, आणि ही कंबर झाकून, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून उभी. घाम कपाळावरून निथळत होता.

"अगं काढ तो, चक्कर येईल," मी खिडकीतून म्हटलं.

"नक्को," ती म्हणाली. "शमीम आपाला दाखवून आले. ती बोलली, बाही चांगली बसली." आणि पदरानं कपाळ पुसलं, बाहीनं नाही. "गाडीत खाऊन घे. सर्वपिंडी देणारी रोज भेटत नाही."

गाडी हलली तरी तिचा वांगी रंगाचा ठिपका होईपर्यंत ती मला दिसत होती. सगळ्या फलाटावर तेवढीच एक स्वेटर घातलेली.

तर असं आहे विमल. चार टाक्यांची लोकर उरली आहे, ती दाखवायची आहे तुला, आणि सर्वपिंडीही जमली आहे मला, भांडं नुकतंच घासून ठेवलंय. परवा ये. आणि हे परवा आपलं नांदेडचं आहे बरं का, अक्काचं नव्हे.